अमेरिकेच्या सरकारी शाळांत संगीत कसे आले आणि कसे टिकले

प्रश्न असा आहे: मुलगी पाचवीत जाताच शाळेने बँड (फुंकण्याची वाद्ये आणि तालवाद्ये), ऑर्केस्ट्रा (ज्यात व्हायोलिनसारखी तंतुवाद्येही असतात) आणि कॉयर (समूहगायन) यांपैकी एक निवडण्याचा फॉर्म पाठवला. तास शाळेच्या वेळातच होतो, त्यासाठी पगारी शिक्षक आहे आणि प्रगतिपुस्तकात त्याची ग्रेडही येते. मग शेजारच्याच डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे शाळा चालवणाऱ्या शेजारच्या स्थानिक संस्थेत, ही सोय का नाही, आणि मुळात अमेरिकेतल्या सरकारी शाळांनी हा विषय कधी व कशासाठी स्वीकारला? अशा शाळांत वाद्यवृंद शिकवण्यात माझ्या नोकरीचा बहुतेक काळ गेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी उत्तराचा गाभा सांगतो. या देशात संगीत हे केवळ संगीत म्हणून शाळेत आले, असे फारसे कधी घडले नाही. प्रत्येक पिढीने त्याच्या पाठीशी त्या काळाला पटणारे दुसरे एखादे कारण उभे केले. कधी उपासना, कधी नीती आणि आरोग्य, कधी देशप्रेम, कधी स्पर्धा, कधी परीक्षेतले गुण. शिवाय शाळांविषयीचे निर्णय आणि शाळांसाठीचा पैसा या दोन्ही गोष्टी येथे मुख्यतः स्थानिक आहेत. त्यामुळे ज्या गावाला ज्या वेळी जे कारण पटले त्या गावात विषय रुजला, आणि तिजोरी आटली की तो पहिल्यांदा छाटला गेला. पुढचा सगळा इतिहास या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

सुरुवात शाळेत नव्हे, चर्चमध्ये झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये स्थायिक झालेल्या प्युरिटन लोकांनी (इंग्लंडमधून आलेल्या कडव्या प्रोटेस्टंट ख्रिस्तींनी) १६४० साली तेथल्याच केंब्रिज गावी स्तोत्रांचे जे पुस्तक छापले ते ब्रिटिश उत्तर अमेरिकेत छापलेले पहिले पुस्तक मानले जाते. मात्र त्यात चाली नव्हत्या, त्या १६९८ च्या आवृत्तीत आल्या. दरम्यानच्या काळात बहुतेकांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, म्हणून चर्चचा एक सेवक ओळ म्हणून दाखवी आणि मंडळी ती मागून गात. तोंडी परंपरेत जे होते ते इथेही झाले. दर गावाची चाल निराळी झाली, लय संथ झाली, आणि जो तो आपल्या परीने स्वरांना वळणे देऊ लागला. आज कोणी हे ध्वनिमुद्रित करून ठेवले असते तर अभ्यासकांनी डोक्यावर घेतले असते; तेव्हाच्या शिकलेल्या पाद्र्यांना मात्र तो निव्वळ गोंगाट वाटला. १७२१ साली जॉन टफ्ट्स आणि थॉमस वॉल्टर यांनी स्वरलिपी वाचून गायला शिकवणारी पुस्तके काढली, आणि त्यांतून ‘सिंगिंग स्कूल’ नावाची प्रथा वाढली. फिरता गायनशिक्षक गावात येई, खानावळीत किंवा शाळेच्या खोलीत काही आठवडे संध्याकाळचे वर्ग घेई, फी गोळा करी आणि पुढच्या गावी जाई. या शिक्षकांतला सर्वांत प्रसिद्ध विल्यम बिलिंग्ज हा व्यवसायाने कातडी कमावणारा होता. त्याच्या रचना रांगड्या आणि जोमदार आहेत, आणि युरोपातले स्वरसंवादाचे (हार्मनीचे) नियम त्या फारसे जुमानत नाहीत.

शाळेचा दरवाजा ज्यांनी उघडला ते लोवेल मेसन मात्र बिलिंग्जच्या अगदी उलट वळणाचे गृहस्थ होते. मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्डला १७९२ साली जन्मलेले मेसन तरुणपणी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात बँकेत नोकरी करत. तेथे असताना त्यांनी तयार केलेला स्तोत्रसंग्रह १८२२ साली बॉस्टनच्या हँडेल अँड हायडन सोसायटी या संगीतसंस्थेच्या नावाने निघाला आणि अफाट खपला. १८२७ मध्ये ते बॉस्टनला आले. त्याच सुमारास विल्यम वुडब्रिज हे शिक्षणतज्ज्ञ युरोपात पेस्तालोत्सी या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या पद्धतीने चालणाऱ्या शाळा पाहून परतले होते, आणि सर्वसाधारण मुलांना गायन शिकवता येते व शिकवावे, हे ते १८३० पासून जाहीर व्याख्यानांतून मांडत होते. या पद्धतीचे सूत्र साधे आहे: आधी ध्वनी, मग चिन्ह. मुलाने आधी ऐकावे, गावे, फरक ओळखावा आणि नंतर कागदावरची खूण शिकावी. लय, सुरावट आणि भाव एकदम न लादता एकेक घ्यावेत. मेसन यांनी १८३४ साली काढलेली शिक्षकांसाठीची पुस्तिका बव्हंशी एका जर्मन पुस्तकावर बेतलेली होती. तरी सूत्र उसने असले तरी ते रुजवण्याची चिकाटी त्यांची स्वतःची होती.

बॉस्टनमध्ये पुढे जे घडले त्याला येथील संगीतशिक्षक आपल्या विषयाचा जन्म मानतात. १८३३ साली स्थापन झालेल्या बॉस्टन अकॅडमी ऑफ म्युझिकने मुलांचे वर्ग चालवले, जाहीर कार्यक्रम केले, आणि मग संगीत शाळेत घ्यावे असा अर्ज शहराच्या स्कूल कमिटीकडे केला. अकॅडमीचे अध्यक्ष सॅम्युएल एलियट हेच १८३७ मध्ये शहराचे महापौर झाले, हा योगायोग विसरू नये. कमिटीने १८३७ च्या अहवालात संगीताला तीन कसोट्या लावल्या: त्याने बुद्धी वाढते का, नीती सुधारते का, आणि शरीराला लाभ होतो का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले. गायनाने छाती बळकट होते हा मुद्दासुद्धा त्यात गंभीरपणे मांडला आहे. संगीत मुळात सुंदर आहे आणि ते मुलांना मिळायला हवे, एवढे कारण नगरपालिकेपुढे टिकणार नाही हे अहवाल लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते, आणि या विषयाची बाजू मांडणारा प्रत्येक जण आजवर त्याच वाटेने गेला आहे.

अहवाल मंजूर झाला, पण पैसा मंजूर झाला नाही. तेव्हा मेसन यांनी दक्षिण बॉस्टनमधल्या हॉज स्कूलमध्ये वर्षभर बिनपगारी शिकवले. ऑगस्ट १८३८ मध्ये मुलांचे गायन लोकांनी ऐकले, आणि २८ ऑगस्ट १८३८ रोजी कमिटीने संगीत हा शहराच्या शाळांचा नियमित विषय म्हणून स्वीकारला. सरकारी खर्चाने, शाळेच्या वेळात, सर्व मुलांसाठी संगीत हे तत्त्व अमेरिकेत या ठरावाने प्रस्थापित झाले. गंमत अशी की त्याच कमिटीने १८४५ मध्ये मेसन यांना पदावरून दूर केले. सार्वजनिक शाळेतली नोकरी तेव्हाही सार्वजनिकच होती.

मेसन यांच्या कामाची एक किंमतही मोजावी लागली आणि ती सहसा सांगितली जात नाही. त्यांच्या दृष्टीने ‘शास्त्रशुद्ध’ संगीत म्हणजे जर्मन वळणाचे, सुबक, सोप्या स्वरसंवादाचे संगीत. बिलिंग्ज आणि त्याच्या पिढीचे देशी संगीत त्यांनी अडाणी ठरवले, आणि शाळेने तो निवाडा उचलून धरला. ते देशी संगीत मग दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकले. तेथे १८०१ पासून प्रचारात आलेल्या आकारांच्या स्वरलिपीमुळे, म्हणजे त्रिकोण, चौकोन, गोल अशा आकारांवरून स्वर ओळखण्याच्या पद्धतीमुळे, शेतकरी कुटुंबेही चार आवाजांत गाऊ शकत होती. १८४४ साली निघालेल्या ‘द सेक्रेड हार्प’ या संग्रहातून ती परंपरा आजही गायली जाते, पण शाळेबाहेर. सरकारी शाळेने पहिल्या दिवसापासून मुलांना संगीत देण्याबरोबरच त्यांची अभिरुची सुधारण्याचे काम अंगावर घेतले होते, आणि ते ओझे उतरवायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषय शहराशहरांत पसरला. रोजचा तास वर्गशिक्षिकाच घेई. संगीताचा पर्यवेक्षक अधूनमधून येऊन नवा पाठ दाखवी आणि जुना तपासून जाई. अशा व्यवस्थेत क्रमिक पुस्तकाला फार महत्त्व आले. ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांनी १८७० च्या सुमारास काढलेल्या पुस्तकमालेत आधी गाणी ऐकून शिकवायची आणि मग स्वरलिपीकडे वळायचे असा क्रम होता. होसिया होल्ट आणि जॉन टफ्ट्स यांच्या १८८३ च्या मालेत मात्र पहिल्यापासून स्वरलिपीचा सराव होता. (हे टफ्ट्स १७२१ च्या टफ्ट्सहून वेगळे.) या दोन पक्षांचा वाद पुढची वीसेक वर्षे रंगला, आणि प्रकाशकांनीही त्यात यथेच्छ तेल ओतले. याच ल्यूथर मेसन यांना जपान सरकारने १८८० मध्ये तोक्योला बोलावून घेतले. मॅसॅच्युसेट्समध्ये शिकून गेलेले इसावा शूजी आणि ते मिळून जपानच्या शालेय संगीताचा पाया घालत होते. जपानी शाळांत स्कॉटिश चालींवर जपानी शब्द गायले जाऊ लागले ते त्या काळापासून. शिक्षक घडवण्याची सोयही याच काळात उभी राहिली. ज्युलिया एटी क्रेन यांनी १८८६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या पॉट्सडॅम गावी शालेय संगीतशिक्षकांसाठी संस्था काढली, आणि ती आज राज्य विद्यापीठाचा भाग आहे.

१९०७ मध्ये आयोवा राज्यातल्या, मिसिसिपीच्या काठावरच्या कीओकक गावी फिलिप हेडन यांच्या निमंत्रणावरून देशभरातले पर्यवेक्षक जमले आणि त्यातून त्यांची राष्ट्रीय संघटना जन्माला आली. तिचे नाव पुढे बदलत गेले. आज ती नॅशनल असोसिएशन फॉर म्युझिक एज्युकेशन म्हणून ओळखली जाते. त्या बैठकीचे अध्यक्षस्थान फ्रान्सिस एलियट क्लार्क यांच्याकडे होते. मिलवॉकीच्या शाळांत त्यांनी ग्रामोफोन वापरून पाहिला होता. १९११ मध्ये ग्रामोफोन बनवणाऱ्या व्हिक्टर कंपनीने त्यांनाच आपल्या शिक्षण विभागाच्या प्रमुखपदी नेमले, आणि संगीत ‘ऐकायला’ शिकवणे हा नवा तास शाळांत सुरू झाला. कंपनीची यंत्रे आणि तबकड्या खपल्या हे खरे, पण दूरच्या खेड्यातल्या मुलांनी सिंफनी पहिल्यांदा ऐकली ती त्यामुळेच.

आता तुमच्या फॉर्मवरच्या बँड आणि ऑर्केस्ट्राकडे येतो. तोवर शाळेतले संगीत म्हणजे गायन होते. वाद्ये आली ती आधी हौस म्हणून. इंडियानातल्या रिचमंड शहरात विल एरहार्ट यांनी १८९८ पासून शाळेचा ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा त्याचा सराव शाळा सुटल्यावर होत असे. व्हायोलिनचे सामूहिक वर्ग इंग्लंडमधल्या शाळांत यशस्वी झाले होते. अल्बर्ट मिचेल यांनी ते पाहून १९१० नंतर बॉस्टनमध्ये तसेच वर्ग सुरू केले. यातली खरी क्रांती सामूहिक शिकवणीची होती. आपल्याकडे वाद्य म्हटले की गुरू आणि समोर बसलेला एक शिष्य डोळ्यांसमोर येतो, आणि युरोपातही तेच होते; परंतु सरकारी शाळेला एका शिक्षकाच्या पगारात पन्नास मुले शिकवायची होती. १९२३ साली जोसेफ मॅडी आणि थेडियस गिडिंग्ज यांनी निरनिराळी वाद्ये घेतलेल्या मुलांना एकाच वर्गात शिकवण्याचे पुस्तक काढले. माझ्या नवशिक्यांच्या वर्गात बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ट्रोम्बोन एकाच वेळी एकच सुरावट वाजवतात, त्याचे मूळ तेथे आहे. कान किटतात हे मान्य करतो. पण पद्धत चालते.

बँडची लाट मात्र शिक्षणतज्ज्ञांनी आणली नाही. पहिल्या महायुद्धाने लष्करी बँडची मोठी हवा निर्माण केली, आणि युद्धानंतर बँडमध्ये वाजवलेले अनेक जण नोकरी शोधत परतले. दुसरीकडे, गावोगावचे हौशी बँड मागे पडत होते आणि वाद्यांचे कारखानदार, त्यांतले बरेचसे इंडियानातल्या एल्कहार्टचे, नवे गिऱ्हाईक शोधत होते. १९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती या उत्पादकांच्या पुढाकाराने. लवकरच संगीतशिक्षकांच्या संघटनेने स्पर्धांची सूत्रे हाती घेऊन त्यांना नियम दिले. कोणत्या आकाराच्या बँडमध्ये कोणती वाद्ये किती असावीत आणि कोणत्या रचना वाजवाव्यात हे स्पर्धांच्या याद्यांनी ठरवले, आणि पाहता पाहता कॅन्सस असो की ओहायो, शाळेचा बँड सगळीकडे एकाच साच्याचा झाला. त्याच दशकात हायस्कुले झपाट्याने वाढत होती, फुटबॉलचे सामने गावाचा उत्सव होऊ लागले होते आणि उत्सवाला बँड हवाच होता. पालकांनी वाद्ये हप्त्यांनी घेतली, गणवेशांसाठी वर्गणी काढली. मॅडी यांनी १९२८ मध्ये मिशिगनमधल्या इंटरलॉकन येथे हायस्कूलच्या वादकांसाठी उन्हाळी शिबिर सुरू केले. ते आजही चालू आहे.

या व्यवस्थेचा फायदा आणि तोटा एकच आहे: मुलगी ‘संगीत’ शिकत नाही, ती एका वाद्यवृंदाची सभासद होते. शिस्त, एकमेकांचे ऐकणे, अवघड रचना शंभर जणांनी मिळून उभी करणे हे सगळे तिला मिळते. मात्र स्वतः सुचून वाजवणे, रचना करणे हे बाजूला पडते, आणि हायस्कूलपर्यंत पोचताना जी मुले वृंदात टिकली नाहीत त्यांचा संगीताशी शाळेतला संबंध संपतो. कार्ल गेरकन्स यांनी १९२३ मध्ये दिलेले घोषवाक्य ‘प्रत्येक मुलासाठी संगीत, संगीतासाठी प्रत्येक मूल’ असे होते. त्यातला ‘प्रत्येक’ हा शब्द हायस्कूलमध्ये कधीच पुरता खरा झाला नाही.

वर्णभेदाच्या काळातल्या काळ्या मुलांच्या शाळांचा उल्लेख याच ठिकाणी करायला हवा, कारण अमेरिकेच्या संगीताला या शाळांनी जे दिले ते इतर बहुतेक शाळांना जमले नाही. बर्मिंगहॅममध्ये जॉन ‘फेस’ व्हॉटली, मेम्फिसच्या मनासस हायस्कूलमध्ये जिमी लन्सफर्ड, लॉस एंजेलिसच्या जेफरसन हायस्कूलमध्ये सॅम्युएल ब्राउन आणि शिकागोच्या वेंडेल फिलिप्स व नंतर ड्युसेबल हायस्कूलमध्ये कॅप्टन वॉल्टर डायट हे शिक्षक कमालीचे कडक होते, स्वरलिपी पक्की करून घेत आणि मुलांना पोटापाण्याचे संगीतही शिकवत. नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन ॲमन्स, जॉनी ग्रिफिन हे डायट यांचे विद्यार्थी. डेक्स्टर गॉर्डन ब्राउन यांचा. वाद्यांसाठी पैसा कमी पडे, म्हणून डायट मुलांचा वार्षिक कार्यक्रम बसवून तिकिटे विकत. त्याच काळात इतर बऱ्याच शाळांत जाझ वाजवणे हे शिक्षेचे कारण होते. शालेय जाझ शिक्षकांची राष्ट्रीय संघटना १९६८ मध्ये निघाली, म्हणजे जाझ जगभर पोचून कित्येक वर्षे झाल्यावर.

१९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि शाळांत विज्ञान व गणिताची धावपळ सुरू झाली. संगीताला आपणही एक गंभीर विद्याशाखा आहोत हे दाखवणे भाग पडले. १९६३ चे येल विद्यापीठातले चर्चासत्र, तरुण संगीतकारांना शाळांत नेमण्याची फोर्ड फाउंडेशनची योजना, कोदाय (हंगेरी), ऑर्फ (जर्मनी) आणि सुझुकी (जपान) यांच्या संगीत शिकवण्याच्या पद्धतींचे आगमन, हे सगळे त्या सुमाराचे. यातले बरेच विद्यापीठांच्या खोल्यांतच राहिले, असे माझे मत आहे. १९६७ च्या मॅसॅच्युसेट्समधल्या टँगलवुड येथील परिसंवादाचे निवेदन मात्र महत्त्वाचे ठरले. सर्व काळांचे, शैलींचे आणि संस्कृतींचे संगीत अभ्यासक्रमात असले पाहिजे, किशोरांचे लोकप्रिय संगीतही त्यात आले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. मेसन यांनी बिलिंग्जला दाखवलेला दरवाजा येथे अधिकृतपणे उघडला. टेक्सासच्या शाळांतले मारियाचीचे (मेक्सिकन लोकसंगीताचे) वर्ग पुढे वाढले ते याच वाऱ्यावर.

मग पैशाचा प्रश्न आला. शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, आणि त्यातून निर्माण होणारी विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये सॅन अँटोनियोच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तुमच्या शेजारच्या डिस्ट्रिक्टचे निम्मे उत्तर त्या निकालात आहे. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव १३ मंजूर करून हा कर मालमत्तेच्या मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला, आणि त्या राज्यातल्या प्राथमिक शाळांतले संगीतशिक्षक भराभर कमी झाले. २००२ पासून लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या केंद्रीय कायद्याने कलांना कागदावर मुख्य विषयांत बसवले, पण वार्षिक चाचण्या वाचन व गणिताच्याच ठेवल्या. जे मोजले जाते त्यालाच वेळ मिळतो, हे कोणत्याही मुख्याध्यापकाला सांगावे लागत नाही. मग आमच्याच लोकांनी संगीताने गणित सुधारते असे सांगायला सुरुवात केली. १८३७ च्या अहवालातल्या ‘छाती बळकट होते’ या मुद्द्याचे हे नवे रूप आहे, आणि मला ते धोक्याचे वाटते. कारण गणित सुधारायचेच असेल तर गणिताचा तास वाढवणे स्वस्त पडते. त्याची जागा घेणाऱ्या २०१५ च्या कायद्याने संगीताचा सर्वांगीण शिक्षणातील विषय म्हणून नावानिशी उल्लेख केला, एवढी जमेची बाजू.

तरीही विषय बुडाला, असे चित्र खरे नाही. केंद्रीय शिक्षण खात्याच्या पाहणीनुसार २००९-१० मध्ये ९४ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत संगीत शिकवले जात होते, आणि त्याआधी दहा वर्षांपूर्वीही आकडा तोच होता. फरक आहे तो सोयीच्या दर्जात: कोठे आठवड्यातून दोनदा तास घेणारा पूर्णवेळ शिक्षक आहे, तर कोठे तीन शाळांत फिरणारा एकच शिक्षक आहे आणि त्याची खोली म्हणजे चाकांवरची गाडी. गरीब वस्तीतल्या माध्यमिक शाळांत सोय उघडच कमी आहे. डिस्ट्रिक्ट निवडताना ‘संगीत आहे का’ एवढे विचारू नका. पाचवीच्या मुलांना शाळेच्या वेळात वाद्याचा तास मिळतो का, वाद्य भाड्याने न परवडणाऱ्यांसाठी शाळेची वाद्ये आहेत का, आणि शिक्षकाचा पगार डिस्ट्रिक्ट देते की पालकांची संघटना, हे विचारा. पालकांच्या वर्गणीवर उभा असलेला कार्यक्रम पुढच्या मंदीत टिकेलच असे नाही.

ज्या कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये एक टक्क्याची मर्यादा घातली, तेथल्याच मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रस्ताव २८ मंजूर करून शाळांना हमी दिलेल्या निधीच्या एक टक्क्याइतकी जादा रक्कम दरवर्षी कला व संगीतासाठी राखून ठेवली, आणि ५०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टनी त्यातला किमान ८० टक्के भाग माणसे नेमण्यावर खर्च करावा असे बंधन घातले. या वेळी मतदारांपुढे आलेल्या मजकुराने कला व संगीताची रक्कम वेगळी काढून ठेवली, म्हणून ती पुढच्या टंचाईत दुसऱ्या विषयाकडे वळवणे सोपे राहिलेले नाही. आता अडचण उलट आहे. चाळीस वर्षे जागा फारच थोड्या होत्या, त्यामुळे या कामाकडे वळणारे तरुण कमी झाले, आणि पैसा हाती आल्यावर पात्र शिक्षक कोठून आणायचे, हे तेथली डिस्ट्रिक्ट्स शोधत आहेत.